पुस्तकातली आवडलेली वाक्यं जपून कशी ठेवायची (नवीन लोकांसाठी)

आवडलेली वाक्यं लिहून ठेवायचीयत पण सुरुवात कुठून करू, वही घेऊ की ॲप, असं विचारणारे बरेच भेटतात आणि त्यातले निम्मे तर चांगली वही शोधण्यातच दमून जातात. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितेय. माझं म्हणणं थोडक्यात सांगायचं तर वही कुठली, पेन कुठलं, ॲप कुठलं याने फार फरक पडत नाही, फरक पडतो तो वाक्यासोबत त्याचा पत्ता लिहिला की नाही याने. पत्ता म्हणजे कुठलं पुस्तक, कितवी आवृत्ती, कुठलं पान, कोण कोणाला म्हणतंय आणि कधी. बिनपत्त्याचं वाक्य वर्षभराने समोर आलं की ते शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखं दिसायला लागतं, खरं असतं, चांगलंही असतं, पण आपल्याला ते का आवडलं होतं ते काही केल्या आठवत नाही.

पहिलं काम: जागा एकच ठरवा

वही किंवा फोन, दोन्हीपैकी एक. दोन्ही नको, निदान पहिले काही महिने तरी नको, कारण मग अर्धी वाक्यं वहीत, अर्धी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेली, चार गॅलरीत फोटो म्हणून पडलेली, आणि हवं ते वाक्य नेमकं चौथ्याच ठिकाणी.

वही घेणार असाल तर साधी दोनशे पानी रेघांची वही झकास चालते. भारी डायरी घेतली की पहिल्या पानावर काय लिहू याचंच दडपण येतं आणि ती कोरीच राहते, हे मी किती घरांत बघितलंय. फाउंटन पेन वापरत असाल तर आधी शेवटच्या पानावर दोन ओळी लिहून शाई मागे उमटते का ते बघून घ्या. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात कागद दमट होतो, शाई फुटते, तिथे आपलं साधं बॉलपेनच बरं.

फोन म्हणाल तर गुगल कीप हे टिपणांचं ॲप पुरे. एका पुस्तकाची एक नोट, वर पुस्तकाचं नाव, खाली वाक्यं. पुस्तकं वाढली की गुगल शीट करा, एका ओळीत एक वाक्य आणि पुढच्या रकान्यांत लेखक, पुस्तक, पान, तारीख. नोशन, ऑब्सिडियन वगैरे टिपणांची मोठी ॲप्स चांगली आहेत पण ती नंतर. यूट्यूबवर त्यांचे व्हिडिओ बघायला बसलात की निकलास लुहमान नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञाची गोष्ट हमखास येते, त्याने आयुष्यभरात सुमारे ९०,००० चिठ्ठ्या लिहून एकमेकींना जोडल्या आणि त्यावर ढीगभर पुस्तकं लिहिली. खरी गोष्ट आहे, पण तो स्वतःचे विचार मांडायला चिठ्ठ्या लिहीत होता, आवडलेली वाक्यं जमवायला नाही. आपल्याला तेवढी यंत्रणा लागत नाही, आणि ती उभारत बसलं की वाचायचं राहून जातं ते वेगळंच.

दुसरं काम: वाचताना फक्त खूण करा

वाक्य आवडलं की लगेच वही उघडून उतरवायला बसू नका. वाचायची लय तुटते, आणि पहिल्या पन्नास पानांत तर सगळंच आवडत असतं. नुसती खूण करून पुढे चला.

पुस्तक स्वतःचं असेल तर समासात पेन्सिलीने बारीक उभी रेघ. पेनने नाही, हायलायटरने तर अजिबातच नाही. जुन्या पातळ कागदावर हायलायटर पलीकडच्या पानावर जातो आणि मग मागची दोन वाक्यं उगाचच महत्त्वाची वाटायला लागतात. पेन्सिल मऊ घ्या, २बी असली तर उत्तम, दाब न देता उमटते आणि खोडताना कागद फाटत नाही.

पुस्तक वाचनालयाचं असेल किंवा कुणाचं मागून आणलेलं असेल तर त्यात काही म्हणजे काही लिहायचं नाही. वाचनालयाची पुस्तकं वाचणाऱ्यांना माहितीये, आधीच्या कुणीतरी निळ्या बॉलपेनने अर्धं प्रकरण अधोरेखित केलेलं असतं आणि शेजारी "वा!" किंवा "पटत नाही" असा शेरा, आणि मग आपण लेखकाला सोडून त्या अनोळखी माणसाशीच मनात भांडत बसतो. त्यापेक्षा साध्या कोऱ्या कागदाची एक उभी पट्टी कापा, तीच बुकमार्क, आणि तिच्यावरच लिहीत जा: "४७ वर", "११२ मध्ये", "१३० तळाला". पान नंबर आणि पानावरची जागा, बास. पुस्तक परत करायच्या आधी पट्टी काढून घ्यायला विसरू नका. रंगीत चिकट पट्ट्या नव्या पुस्तकांना ठीक आहेत, पण पिवळ्या पडलेल्या जुन्या पानांना लावू नका, काढताना कागदाचा पापुद्रा निघतो. आणि पानाचा कोपरा दुमडू नका, जुना कागद दुमडीवर तुटतोच.

तिसरं काम: चाळून उतरवा

पुस्तक संपल्यावर दोन-चार दिवस जाऊ द्या. मग पट्टी किंवा पेन्सिलीच्या खुणा घेऊन बसा आणि खूण केलेलं प्रत्येक वाक्य पुन्हा वाचा, शक्यतो मोठ्याने. इथे गंमत होते. वाचताना ज्यावर फिदा झालो होतो त्यातली बरीच वाक्यं आता साधी वाटतात, कारण ती प्रसंगाच्या जोरावर चमकत होती, आणि एखादं जाता जाता खूण केलेलं वाक्य मात्र डोक्यातून जात नाही. जे टिकलं ते उतरवा, बाकीचं सोडून द्या. एका पुस्तकातून पाच-सात वाक्यं निघाली तरी खूप झालं. एखाद्या पुस्तकातून एकही निघत नाही आणि ते पुस्तक तरीही फार आवडलेलं असतं, यात काही चूक नाही, काही लेखक वाक्यांत नसतातच, ते प्रकरणांत असतात.

आता नोंद कशी दिसते ते बघू. खालचं वाक्य मी आत्ता इथे बसून बनवलंय, कुठल्या पुस्तकात शोधू नका:

"पाऊस आला की आमच्या घरात आधी भांडी जागी होतात."
पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, ३री आवृत्ती, पान ११२ तळाला.
थोरली बहीण, नव्याने घरी आलेल्या वहिनीला. गळकं छप्पर. चिडून नाही, हसत.
उतरवलं: जुलै, पुस्तक संपल्यावर.

तिसरी ओळ बघा, लोक नेमकी तीच गाळतात. "हसत" हा एक शब्द नसता तर सहा महिन्यांनी हे वाक्य मला गरिबीवरचं रडगाणं वाटलं असतं. कोण, कोणाला, कुठल्या सुरात, एवढं लिहायला अर्धं मिनिट लागतं. कादंबरीतलं वाक्य हे पात्राचं असतं, लेखकाचं मत असेलच असं नाही, एखादा खलनायक फार झोकदार बोलतो आणि मग ते वाक्य लेखकाच्या नावाने फिरायला लागतं, असं व्हायला नको.

आवृत्ती लिहायची कारण आवृत्ती बदलली की पानं सरकतात. अनुवादित पुस्तक असेल तर अनुवादकाचं नाव लिहायलाच हवं, तुम्हाला आवडलेले मराठी शब्द त्यांनी निवडलेत.

उतरवताना जसंच्या तसं. जुन्या पुस्तकांत "कांहीं", "नाहीं" असे अनुस्वार दिसतील, आजचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले आणि त्याच्या आधीची छपाई तशीच आहे, ती सुधारायला जाऊ नका. बोलीतले संवाद तर अजून सांभाळून. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी काही असू दे, फोनचा कीबोर्ड "व्हता"चा "होता" करून टाकतो आणि माणसाचा आवाजच बदलतो. ऑटोकरेक्ट बंद करून टाका. मधला भाग गाळला तर तीन टिंबं द्या, स्वतःचा शब्द घातला तर चौकटी कंसात घाला, कवितेच्या ओळी ओळीनेच लिहा.

टाइप करायचा कंटाळा आला तर

मग फोटो. गुगल लेन्सने पानावर फोन धरला की मजकूर निवडून कॉपी करता येतो, देवनागरी बऱ्यापैकी वाचतो. ड्राइव्हमध्ये फोटो चढवून तो गुगल डॉक्सने उघडला तरी खाली मजकूर येतो, एका वेळी पूर्ण पान हवं असेल तर हे सोपं. फोटो दिवसाच्या उजेडात काढा, पान सपाट दाबून धरा, शिवणीजवळच्या वाकलेल्या ओळी नेहमी घोळ घालतात.

पण कॉपी झालं म्हणजे झालं असं नाही, पुस्तक समोर ठेवून एकदा ताडून बघायचंच. वरचंच वाक्य घ्या, छपाई फिकट असेल तर अनुस्वार उडतो आणि भांड्यांची भाडी होतात, "आमच्या घरात आधी भाडी जागी होतात", व्याकरणाने बरोबर, कीबोर्ड लाल रेघसुद्धा मारणार नाही. रफार, ळ, जोडाक्षरं, अवतरणचिन्हं आणि ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द, एवढ्या जागा डोळ्यात तेल घालून बघा.

बोलून टाइप करणं हाही पर्याय आहे, जीबोर्डला मराठी कळतं, फक्त विरामचिन्हं बहुतेक वेळा हाताने टाकावी लागतात आणि स्वल्पविरामाची जागा चुकली की वाक्याचा ताल गेला. मला विचाराल तर छोटं वाक्य हातानेच उतरवावं. एकेक शब्द लिहिताना कळतं की लेखकाने क्रियापद शेवटी न ठेवता मध्येच का ठेवलंय. ते कॉपी-पेस्टमध्ये कळत नाही.

किंडल वाले इकडे या

किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-पुस्तकं वाचायच्या उपकरणावर, बोट ओढून हायलाइट केलं की काम झालं असं वाटतं, पण थोडं समजून घ्या. उपकरणावर केलेले हायलाइट "माय क्लिपिंग्स" नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये जातात, ती डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये असते, केबल लावून कॉम्प्युटरवर उघडते. या फाइलमध्ये नवीन नोंद खाली जोडली जाते, जुनं काही पुसलं जात नाही, त्यामुळे हायलाइट करताना दोन शब्द कमी पडले म्हणून पुन्हा ओढलंत तर दोन्ही नोंदी दिसतील, घाबरू नका, चाळताना एक उडवा. फोनवरच्या किंडल ॲपमध्ये केलेले हायलाइट मात्र या फाइलमध्ये येत नाहीत, ते ॲमेझॉनच्या खात्यात राहतात आणि ब्राउझरमध्ये किंडलच्या नोटबुक पानावर दिसतात.

अजून एक. विकत घेतलेल्या पुस्तकातून किती मजकूर बाहेर काढता येईल यावर प्रकाशकाची मर्यादा असते, ती ओलांडली की पुढचे हायलाइट बाहेर काढताना अर्धवट येतात किंवा येतच नाहीत. पानापानाला हायलाइट करणाऱ्यांना हा फटका बसतो, पाच-सात वाक्यं वेचणाऱ्याला नाही. आणि जिथे पान नंबर न दिसता लोकेशन नंबर दिसतो तिथे प्रकरणाचं नावही लिहा, म्हणजे छापील प्रत हातात आली तरी सापडेल.

पीडीएफचं दुखणं वेगळं. मराठीतल्या बऱ्याच जुन्या पीडीएफ श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या (म्हणजे आजचे फोन-कॉम्प्युटर ज्यातली अक्षरं ओळखत नाहीत अशा) फॉन्टमध्ये केलेल्या असतात, तिथून कॉपी केलं की भलतीच चिन्हं येतात. तुमच्या फोनमध्ये बिघाड नाहीये, स्क्रीनशॉट काढून तो लेन्सने वाचा. ऑडिओबुक ऐकत असाल तर तिथल्या तिथे बुकमार्क करा आणि घरी येऊन ऐकत उतरवा, पान नंबराऐवजी प्रकरण आणि मिनिट लिहा. ऐकून लिहिलेल्यात विरामचिन्हं आपली असतात, म्हणून पुढे "ऐकून" असं लिहून ठेवा.

नंतर सापडलं पाहिजे

वहीत शोधायची सोय आपणच करायची. इंग्लंडमधला तत्त्वज्ञ जॉन लॉक स्वतःच्या टिपणवहीसाठी एक सूची वापरायचा, १६८६ मध्ये त्याने ती पद्धत छापून प्रसिद्धही केली, विषयाच्या शब्दाचं पहिलं अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर यांच्या जोडीने लावलेली. मराठीत तर हे अजून सोपं आहे. वहीची शेवटची चार पानं राखून ठेवा, त्यावर अ आ पासून ह पर्यंत अक्षरं मांडा, ङ, ञ, ण, ळ सोडून द्या कारण त्यांनी मराठी शब्द सुरूच होत नाहीत, तेवढीच जागा वाचते. वहीच्या पानांना आधीच नंबर टाका. भांड्यांचं वाक्य वहीच्या २३ नंबरच्या पानावर असेल तर "प"खाली "पाऊस २३" आणि "घ"खाली "घर २३". दोन शब्द पुरेत. प, म, स यांना जागा जास्त ठेवा, ती फार लवकर भरतात.

फोनवर शोध आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मराठीत एकच अक्षर दोन प्रकारे टाइप होतं आणि डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात. "ॲ" हे एक अखंड अक्षरही आहे आणि "अ"वर चंद्र देऊनही बनतं, "वाऱ्यावर"मधला ऱ्य सुद्धा दोन वेगवेगळ्या रीतींनी लिहिला जातो, आणि कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं असू शकतात, त्यामुळे वाक्य समोर असूनही शोधात येत नाही. शिवाय तुम्ही "काही" शोधताय आणि नोंदीत जुनं "कांहीं" आहे. उपाय साधा आहे, प्रत्येक नोंदीखाली स्वतःच्या नेहमीच्या टायपिंगमध्ये दोन-तीन शब्द टाका, पाऊस, घर, बहीण, आणि शोधताना तेच शोधा.

दुसऱ्यांना पाठवताना

स्टेटसला लावायचा मोह होणारच. लावा की, पण पत्त्यासकट. लेखक, पुस्तक, जमलं तर पान. व्हॉट्सॲपवर कुठलंही गोड वाक्य वपुंच्या किंवा पुलंच्या नावाने फिरतं, आणि कुणी पान नंबर विचारला की ग्रुपवर शांतता. तुमच्याकडे आलेलं वाक्य आवडलं आणि मूळ सापडत नसेल तर वहीत घ्या, पण लेखकाच्या जागी "कुणाचं माहीत नाही" असंच लिहा. आपल्याकडचे जुने संग्राहकही हेच करायचे, चौदाव्या शतकातल्या शार्ङ्गधरपद्धतीत ज्या श्लोकाचा कर्ता ठाऊक नाही तिथे सरळ "कस्यापि" लिहिलंय, म्हणजे कुणाचंतरी.

कायद्याचं पण थोडक्यात. स्वतःच्या वहीत स्वतःसाठी उतरवायला कुणाची हरकत नाही, परीक्षण लिहिताना दोन-चार वाक्यं उद्धृत करायलाही भारतीय कायद्यात मुभा आहे. पण भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, त्यामुळे हयात कवीची अख्खी कविता किंवा नव्या पुस्तकाची पानंच्या पानं फोटो काढून टाकणं वेगळं. कविता लहान असते म्हणून ती "एक वाक्य" होत नाही.

निगा

वहीच्या पहिल्या पानावर नाव आणि फोन नंबर टाका, लोकलमध्ये विसरलेली वही परत मिळायची थोडी तरी आशा राहते. दर दोन-तीन महिन्यांनी भरलेल्या पानांचे फोटो ड्राइव्हवर चढवा. कपाटात ठेवताना भिंतीला चिकटवू नका, पावसाळ्यात ओल धरते आणि मग कसर लागते.

कीपवाल्यांनी वर्षातून एकदा गुगल टेकआउटमधून सगळं उतरवून घ्या. किंडलवाल्यांनी उपकरण रिसेट करायच्या आधी माय क्लिपिंग्स फाइल कॉम्प्युटरवर कॉपी करा, रिसेट केल्यावर ती जाते, आणि केबलने टाकलेल्या पुस्तकांचे हायलाइट मग कुठेच उरत नाहीत.

आणि अधूनमधून वही वाचायची पण असते बरं का, लोक हे विसरतात. वाचताना एखादं वाक्य आता फिकं वाटलं तर त्यावर आडवी रेघ मारा, फाडू नका, दोन वर्षांनी तेच परत आवडू शकतं.

वही भरली की सगळं नव्या वहीत उतरवत बसू नका. जुन्या वहीच्या पाठीवर मोठा नंबर टाका, १, २, ३, मागच्या सूचीच्या चार पानांची झेरॉक्स काढा आणि ती नव्या वहीच्या कव्हरच्या आत चिकटवा. जुनी वही माळ्यावर गेली तरी "पाऊस" कुठल्या वहीत कितव्या पानावर आहे ते नव्या वहीतूनच कळतं, आणि माळ्यावर चढायचं की नाही ते खालीच ठरवता येतं.